मागं सरत रोवा

सातवीतल्या रचनाला ‘धानाचा रोवणा कसा करावा’ हा भातलावणीवरचा आपला निबंध शनिवारी परिपाठात वाचायचाच होता. गाईडमधून चोरलेले निबंध अल्का मॅडमनं सरळ केरात टाकले होते. जो वाचून काम जमेल, तोच निबंध खरा, असा त्यांचा नियम! शहरात वाढलेल्या मॅडम रचनाचा निबंध वाचत, वाकून, फरशीवर रोपांऐवजी खडू रोवत पुढं निघाल्या.

“मॅडम, रोवलेलं तुडवून राहिल्या तुमी!” रचना ओरडली.

“मागं सरायचं, हे लिहिलंस कुठं?”

“ते कायले लिवायचं? सगळ्यांले मालूम आहे.”

“मला नव्हतं.”

रचनानं स्वतः वाकून, मागं सरत एकेक पायरी टिपली आणि निबंध नव्यानं लिहिला. मॅडमनं पुन्हा रोवलं, तर पाठ फळ्यावर आपटली. वर्ग खदखदला.

“बांध लागला का थांबा,” रचनानं हसत शेवटची ओळ जोडली. शनिवारी तीच तिनं सगळ्यात मोठ्यानं वाचली.