माझ्या तापाने पुसलेल्या नऊ नक्ष्या

मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकात बसून सगळी आकडेमोड करणारा, नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, तरी सांगतो.

मलेशियातल्या पिनांगच्या कारखान्यात माझी चाचणी झाली, तेव्हा मी माझ्या तुकडीत सगळ्यांत वेगवान ठरलो. मला घमेंड चढली. त्या वेगासाठी मी एकशे पंधरा वॅट वीज पीत असे, आणि प्यायलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते, हे मी मनावर घेतलं नाही. त्यात माझी घडण त्या काळची. माझ्या अंगातल्या कोट्यवधी कळा, म्हणजे वीज चालू-बंद करणारी इवली बटणं, बारीक करताना त्यांच्यातला वीज अडवणारा आडपडदा इतका पातळ झाला होता, की मी रिकामा बसलो तरी वीज झिरपत राही. काम नाही, नुसता ताप!

इंडोनेशियातल्या सोलो शहरात पाक विर्यो, म्हणजे विर्योकाका, यांच्या टायपिंगच्या दुकानात मला नेमलं गेलं. टंकलेखन करणारी एन्दाह घाम पुसत म्हणे, "पाक, याच्यावर चहाचं आधण ठेवू का?"

"ठेव की. साखर मात्र तुझी!" पाक विर्यो हसत. मला ते कौतुक वाटे.

तिथे बू तार्मिनी, म्हणजे तार्मिनीमावशी, येऊ लागल्या. सत्तरीच्या बाई, जन्मभर कापडावर मेणाने बाटिकच्या नक्ष्या काढलेल्या. गावोगावच्या म्हाताऱ्या कारागिरणींकडून त्या जुन्या नक्ष्यांची नावं आणि रीतभात ऐकून येत. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून एन्दाहकडून टिपून घेत. अशा चाळीस नक्ष्या झाल्या.

इकडे माझ्या पंख्यात धूळ साचली. मी तापलो की पंखा घोंघावे. जीव वाचवायला मी वेग कमी केला.

"झोपलं बघा हे!" एन्दाहने संगणकाच्या पेटीला चापट मारली. आवाज नको म्हणून पाक विर्योंनी पेटी बंद कपाटात ढकलली. तिथे माझी धग शेजारच्या, सगळं लिहिलेलं साठवणाऱ्या डिस्कला रोज भाजत राहिली. चाळीस नक्ष्या तिच्यातच होत्या. एका दुपारी मी बंद पडलो. थंड होऊन पुन्हा उठलो. डिस्क उठली नाही.

दुसऱ्या दिवशी बू तार्मिनी उत्साहाने आल्या. "लिही पोरी, एक्केचाळिसावी!" एन्दाह रडू लागली. पाक विर्योंनी पेटी उघडली, तर बोटभर धूळ.

"चूक माझी, बू. मी कधी उघडूनच बघितलं नाही."

"नक्ष्या सांगणाऱ्या सिनेमआजी गेल्या महिन्यात वारल्या," बू तार्मिनी हळूच म्हणाल्या. "त्यांचं आता कुणाला विचारू?"

मग त्यांनी खुर्ची ओढली. "वही काढ. आठवेल तेवढं सांगते."

एकतीस नक्ष्या परत आल्या. नऊ आल्या नाहीत. धूळ पाक विर्योंची होती, पण आग माझी होती.

नंतर माझ्या जागी नवा प्रोसेसर बसला. त्याच्या कळा माझ्याहून बारीक, तरी आडपडदा चांगला, म्हणून वीज फारशी झिरपत नाही. माझंच काम तो पस्तीस वॅटांत करतो. मी खोक्यात गार पडून आहे.

मित्रांनो, पंखा घोंघावू लागला तर चापट मारू नका. धूळ झाडा, वाऱ्याला वाट द्या, आणि कुणी विश्वासाने सांगितलेलं एकाच ठिकाणी ठेवू नका. वेगाचं कौतुक जरूर करा, पण आपल्या धगीत शेजारी कोण बसलंय, हेही विचारा. मी ते कधीच विचारलं नाही.