पदरचं काही घालू नका

“डॉक्टर, तो शब्द परत सांगता? स्पेलिंगसकट.”

“इडिओपॅथिक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या पत्नीची फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. औषधाने थोडं सावकाश होईल, पण थांबणार नाही.”

मुद्रितशोधकाने शब्द कागदावर उतरवला. बायकोला घरी आणून उशांना टेकवून बसवलं, नाकाशी प्राणवायूची नळी लावली आणि तो आल्या पावली छापखान्यात गेला. जन्मभर त्याने तिथे पुस्तकं तपासली होती. कोश कुठल्या फळीवर आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

शब्दाला मूळ असतं. मूळ सापडलं तर कारण सापडेल, आणि कारण सापडलं तर उपाय. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं त्याने पान धरलं.

शब्द ग्रीक निघाला. ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचा, ‘पॅथॉस’ म्हणजे दुःख. दुसऱ्या कशातून न आलेलं, आपलं आपणच उपजलेलं दुखणं. पुढे अर्थ दिला होता : कारण अज्ञात. त्याने आणखी दोन कोश काढले. तिथेही तेच. तिन्ही कोश त्याने परत फळीवर लावून ठेवले.

घरी आला तेव्हा बायको जागीच होती.

“काय निघाला... अर्थ?”

“स्वतःचं दुखणं. जिचं तिचं.”

“चला,” ती धापा टाकत हसली, “या घरात एक गोष्ट तरी... माझ्या एकटीच्या नावावर.”

त्याची नजर खिडकीकडे गेली. वर्षानुवर्षं घरी तपासायला मुद्रितं यायची. बंद खोलीत ती मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची, आणि तो सिगारेट ओढत छापलेल्या कागदावर पेन फिरवायचा.

“माझ्या धुराने झालंय हे,” तो म्हणाला. “मी तेव्हाच खिडकी उघडायला हवी होती.”

“तसं लिहिलंय का कोशात?”

“नाही. कारण अज्ञात, एवढंच.”

“मग पदरचं काही घालू नका,” ती म्हणाली. मध्ये थांबून तिने दम घेतला. “तुम्हीच सांगायचात ना... तपासणाऱ्याने मजकूर वाढवायचा नसतो.”

तिने डोळे मिटले. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. तिचा एक श्वास सरला की तो आपला रोखून धरी. पुढचा आला की सोडी.