चाकामागचा दगड

आमचा संघ उणापुरा अडीच महिने टिकला. संघ म्हणजे तिघंच: ट्रॅक्टर माझा, चालवायचा तात्याबा, आणि चौसाळ्याचा बद्रीनाथ फिटर. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून रिव्हर्स पळवायच्या शर्यतीत आम्ही उतरायचो. पहिल्या शर्यतीत ट्रॉली आडवी झाली, दुसरीत तिसरा नंबर आला. तरी बद्रीनाथनं संघाच्या नावाचे लाल टी-शर्ट छापून घेतले होते. माझं पोट त्यात मावत नव्हतं, ते सोडा.

तिसरी शर्यत शेवटची. ट्रॅक्टर मी विकला होता, सोमवारी तो चकलांब्याच्या गिऱ्हाइकाकडे जाणार होता. त्याआधी एकदा तरी पहिला नंबर यावा, एवढंच मला हवं होतं. त्यापायी माझी झोप उडाली होती.

नियम सोपा. फक्कीच्या पांढऱ्या रेघांमधून ट्रॉल्या मागं न्यायच्या, शेवटच्या रेघेवर थांबून हॉर्न वाजवायचा. हॉर्न वाजला की घड्याळ बंद. ट्रॉल्यांमागं हात दाखवायला संघाचा एक माणूस चालतो. तो मीच. कारखान्याच्या यार्डातही मीच मागं उभा राहून ओरडायचो. तिथंच तीन वर्षांपूर्वी तात्याबा गाडी उतारावर सोडून चहाला गेला, हँडब्रेक सुटला आणि ट्रॉली माझ्या डाव्या पायावर आली. दोन बोटं गेली. मी चार शिव्या दिल्या आणि विसरलो.

तेव्हापासून गाडी थांबली की तात्याबा आधी उतरून चाकामागं दगड लावतो. दगड सीटखालीच असतो. बद्रीनाथनं ब्रेक नवा बसवला, तरी दगड सुटला नाही. आम्ही दोघं त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

त्या दिवशी तात्याबानं कमाल केली. मी "येऊ दे, येऊ दे" ओरडतोय आणि दोन्ही ट्रॉल्या एकही रेघ न पुसता मागं येतायत. रेघेवर गाडी थांबली. पण हॉर्न काही वाजेना. तात्याबा खाली उतरला, मागं आला, ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला, पायानं दाबून बघितला. मग परत चढून त्यानं हॉर्न वाजवला. आम्ही चार सेकंदांनी हरलो.

माझं डोकं फिरलं. सगळ्या मैदानासमोर ओरडलो, "कशाला लावला रं दगड? सपाट रान हाय हे! ब्रेक नवा हाय!"

तात्याबा खाली बघत म्हणाला, "मागं तुमी हुता की, मालक."

मला लाज वाटली. बोटं माझी गेली होती, पण तीन वर्षं ती रोज आठवत होती तात्याबाला, आणि मी त्यावर हसत होतो.

सोमवारी गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली, कागद दिले. तात्याबा बाजूला उभा होता. मी सीट उचलून गिऱ्हाइकाला दगड दाखवला.

"ब्रेक नवा हाय," मी म्हणालो, "तरी ह्यो लावत जा."