करमअलींच्या बाहीतला चांदीचा जोड

मी कफलिंकांचा एक जुना जोड आहे, मित्रांनो. साहेबी शर्टाच्या कडक बाहीला बटण नसते. समोरासमोर दोन काजे असतात आणि ते जोडून धरायला आम्ही.

१९२२ साली मुंबईच्या एका सोनाराने मला घडवले. माझ्या दोन्ही नगांना एका अंगाला चांदीची चकती, दुसऱ्या अंगाला शिंपल्याची आणि मधे नाजूक साखळी. दिवसा चांदी बाहेर ठेवायची आणि संध्याकाळी काळ्या कोटावर शिंपला, अशी तेव्हाची रीत. मला विकत घेतले रेवदंड्याच्या करमअलींनी. ते एका मोठ्या आगबोटीच्या जेवणघरात वाढपी होते. जेवायला बसणाऱ्या साहेबांच्या मनगटांवर सोने चमके, पण करमअलींची बाही सर्वांत नीट असते असे त्यांचे वरिष्ठ म्हणत. मला फार अभिमान वाटे.

१९२९ साली वादळात एक लोखंडी दार करमअलींच्या उजव्या हातावर आदळले. दोन बोटे कायमची ताठरली. नोकरी सुटली. मी रेवदंड्याच्या घरी पेटीत पडून राहिलो आणि खाऱ्या हवेने काळवंडलो.

दोन वर्षांनी दुसऱ्या जहाजावरून बोलावणे आले. करमअलींनी मला चोळून उजळवले आणि शर्ट घातला. पण डाव्या बाहीत मला ओवताना साखळी बोटांतून निसटू लागली. तीनदा मी जमिनीवर पडलो. त्यांची बायको गुलबानू पुढे झाली.

"आणा, मी लावते."

"इथं तू लावशील. जहाजावर कोण लावणार?" असे म्हणून ते शर्ट काढू लागले.

गुलबानूने मला रुमालात बांधले आणि थेट हरेश्वर सोनारांकडे नेले.

"दाराची खिटी कशी बोटानं ढकलली की आडवी होते," ती म्हणाली, "साखळी काढून तसं काही करता येईल?"

हरेश्वरांनी मला उलटसुलट पाहिले. "येईल, भाभी. पण एक बाजू वितळवावी लागेल."

"मग चांदीची वितळवा. शिंपला राहू द्या."

मला भीती वाटली, मित्रांनो. साखळी तुटली. माझे अर्धे रूप मुशीत गेले. त्याच चांदीची फिरती दांडी झाली.

मुंबईच्या कचेरीत त्या जहाजाचे मुख्य वाढपी, गोव्याचे एक वयस्क गृहस्थ, करमअलींच्या हाताकडे बघत राहिले.

"बाही सोड. आता परत लाव."

करमअलींनी ताठ बोटांनी मला काजांतून सारले आणि अंगठ्याने दांडी फिरवली. मी घट्ट बसलो.

"हे कुणी सुचवलं?"

"बायकोनं, साहेब. घडवलं गावच्या सोनारानं."

"सोमवारी बोटीवर ये," ते म्हणाले.

त्याला आता सहा वर्षे झाली. दिवसाही माझा शिंपलाच बाहेर असतो म्हणून रीत जाणणारे कधी हसतात. हसू देत.

तुमच्याही घरात कुठे एखादी वस्तू अडून पडली असेल. ती टाकण्याआधी एकदा हातात घ्या, तिला काय नडते आहे ते नीट बघा. गुलबानूने बघितले, म्हणून आज सकाळीही करमअली आपली बाही आपणच लावून कामाला गेले.