पान तीन आणि पान नऊ

कर निम्म्यावर आल्याचं पत्र चष्मेवाल्याने दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं होतं. मजकूर रस्त्याकडे! येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं आणि म्हणावं, बघा, चष्मेवाल्याचं ऐकलं म्हणून शहाणे झालो.

तीस वर्षं त्या गल्लीत चष्म्यांचं दुकान. पुढे काउंटर, मागे पडद्याआड नंबर काढायची खोली, आणि कडेला कोपऱ्यात काचा घासायचं चाक. चाकावर ताई बसायची. चौकटीच्या मापाला काच घासून द्यावी तर ताईनेच, असं त्याचं मत होतं आणि ते खरंही होतं. अकरा वर्षांत तिच्या हातून काच कधी सैल बसली नाही.

निवडणुकीआधीचे सहा महिने त्याने गिऱ्हाईकाला चष्म्यापेक्षा राजकारणच जास्त विकलं होतं. "दुकानांचा कर निम्मा करणार म्हणतायत. आपल्याला दुसरं काय हवंय? आधी पोट, बाकीचं नंतर!" समोरचा कुलूपवाला व्यापारी मंडळाचा चिटणीस, आणि जिभेला कुलूप नसलेला माणूस. तो एकदा त्या पक्षाचा जाहीरनामा घेऊन आला आणि काउंटरवर कोपर टेकून मोठ्याने वाचायला लागला. पान तीनवर कर होता. पान नऊवर 'घर जोडा' होतं. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांना सरकारी आसरा देणं म्हणजे घरं मोडणं. म्हणून सगळी आधारघरं बंद करू, बायकांनी आपापल्या घरी परतावं, समेट करावा.

"हे जरा अतीच आहे हो," कुलूपवाला म्हणाला होता.

"अहो, जाहीरनाम्यात लिहायला काय जातंय? करणार थोडेच आहेत!"

आता बघा या शहाण्याचं डोकं! एकाच कागदाचं पान तीन खरं आणि पान नऊ खोटं. एकाच माणसाचा अर्धा शब्द दगडावरची रेघ आणि अर्धा पाण्यावरची. असं का? तर पान तीन त्याच्या फायद्याचं होतं आणि पान नऊ दुसऱ्या कुणाच्या तरी तोट्याचं. हे गणित तुम्हीही केलंय, मीही केलंय. उगाच इकडेतिकडे बघू नका.

ताई तेव्हा चाकावरच होती. तिने मान वर केली नव्हती.

पत्र लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी दुकानात आली. पंचविशीची असेल. हातात चष्मा, एक काच नाही, दुसरीला तडा, काडी दोऱ्याने बांधलेली.

"नंबर काढून नवा करायचाय," ती म्हणाली. "जरा लवकर मिळेल का? महिनाअखेरीच्या आत."

"का हो, परगावी निघालात?"

"घरी." एवढंच.

त्याने तिला पडद्याआड खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली आणि सवयीप्रमाणे डाव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही मिळून. हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. एका डोळ्यावर नंबर देणारा चष्मेवाला म्हणजे एका पायाचं माप घेऊन जोडा विकणारा चांभार, असं तो म्हणायचा. तोंडाचा पट्टा मात्र चालूच होता.

"पत्र वाचलंत ना बाहेरचं? निम्मा कर! आता एक नवं चाक घेणार. शेवटी मत देताना माणसाने डोकं वापरावं. ही ओळ वाचा. हं. ही? शाब्बास."

"काका," ती मध्येच म्हणाली, "न फुटणारी काच असते का?"

"असते की. जरा महाग पडते. पडझड होते का हातून फार?"

"हातून नाही."

तो थबकला नाही. थबकायला हवं होतं, पण नव्या चाकाच्या घोड्यावर बसलेला माणूस! त्याने भिंग बदललं आणि विचारलं, "आता दोन्ही डोळ्यांनी कसं दिसतंय?"

"छान दिसतंय," ती म्हणाली.

पडद्याच्या फटीतून ताईचा आवाज आला. "मालक, चकती काढा."

त्याने पाहिलं. डाव्या डोळ्यावर काळी चकती तशीच होती. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि मुलगी एका डोळ्याने बघत छान म्हणाली होती!

"अहो, मग सांगायचं नाही का?" तो चिडूनच म्हणाला. आपली चूक उघडी पडली की माणूस आधी दुसऱ्यावर चिडतो.

"तुम्ही विचारलंत म्हणून म्हटलं छान," ती खाली बघत म्हणाली. "नाही म्हटलं की लोकांना राग येतो."

चकती काढली तेव्हा त्याला तिच्या भुवईखालची जुनी आडवी खूण दिसली. चष्म्याची कड घुसून होते तशी. धंदाच तो; ती खूण कशी होते हे त्याला सांगावं लागत नव्हतं. चष्मा डोळ्यांवर असताना कुणीतरी तोंडावर मारलं की होते.

तिने सांगितलेला पत्ता लिहून घ्यायची त्याला गरज नव्हती. दोन गल्ल्या सोडून, आधारघर. महिनाअखेरीला बंद. अकरा बायका होत्या तिथे, सगळ्यांना नोटिसा मिळाल्या होत्या. ही नवऱ्याकडे परत चालली होती, आणि जाण्याआधी न फुटणारी काच शोधत होती.

ती गेल्यावर तो चाकापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, मी कराला मत दिलं," तो आपणहून बोलला. कुणी काही विचारलं नव्हतं. "या असल्या गोष्टीला नाही. माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"मला माहीत आहे."

"मग माझं चुकलं काय? दुसरे आले असते तर कर वाढवला असता. दुकान चालवायचं कसं? चालवतो त्यालाच कळतं."

ताईने हातातली काच फडक्यावर ठेवली. "कराचा विचार केलात यात चूक नाही, मालक. माझी भाकरी या दुकानातच आहे. पण तुम्ही तोलून बघितलंच नाहीत. कर वाढला असता तर काय झालं असतं? नवं चाक आलं नसतं. जुनं अजून पाच वर्षं चाललं असतं, मी चालवलं असतं. तुमचं काहीतरी लांबलं असतं. तिचं काय लांबणार आहे? एका पारड्यात तुमची सूट, दुसऱ्यात तिचा डोळा. आणि डोळा तुमचा नव्हता म्हणून तुम्हाला हलका वाटला."

"एवढं कळत होतं तर तेव्हाच का नाही बोललात? तुम्ही तर दुसऱ्यांनाच मत दिलं असेल!"

"नाही," ताई म्हणाली. "मीही यांनाच दिलं."

अकरा वर्षांपूर्वी ताई त्याच आधारघरातून आली होती. अशीच, एक काच नसलेला चष्मा घेऊन. काम आहे का म्हणून तिने विचारलं होतं आणि त्याने ठेवून घेतलं होतं. ही गोष्ट तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा!

"तुम्ही? आणि यांना?"

"तुम्ही काउंटरवर रोज म्हणत होतात, कर वाढला तर दुकानातला एक माणूस कमी करावा लागेल. दुकानात माणसं दोन, मालक. एक तुम्ही." ती थांबली. "ज्या दाराने मी वाचले ते बंद करायला मीच मत देऊन आले. त्या रात्री जेवले नाही. आता सांगा, शरम कुणी वाटून घ्यायची?"

त्याला बसायला खुर्ची होती, पण तो उभाच राहिला. माणूस कमी करावा लागेल हे त्याने किती वेळा म्हटलं होतं! सहज, गिऱ्हाईकाला पटावं म्हणून. ज्या माणसाबद्दल बोलत होता तो चार हातांवर बसून ऐकतोय हे ध्यानातही नव्हतं. म्हणजे त्याने एक मत दिलं नव्हतं, दोन दिली होती. दुसरं, भीती घालून घेतलेलं.

चार दिवसांनी व्यापारी मंडळाने निवडून आलेल्या साहेबांचा सत्कार ठेवला. आभाराचं भाषण चष्मेवाल्याकडे होतं. पत्र चिकटवणारा तोच. मंडळाच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास दुकानदार, चहा, बिस्किटं, ढिला पंखा. साहेब हसतमुख बसले होते.

तो उठला. खिशातला लिहून आणलेला कागद काढला आणि परत ठेवला.

"साहेब, पान तीनबद्दल आभार. पण माझं पान नऊचं काम आहे. आधारघर बंद करू नका. तिथे अकरा बायका आहेत. त्यांचे फुटलेले चष्मे माझ्याकडे येतात."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. "चष्मेवाले, सत्कार आहे हो," मागून कुणी कुजबुजलं.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसून म्हणाले, "आम्ही काय लपवलं होतं का? छापून वाटलं होतं. तुम्ही वाचलंत, आणि शिक्का मारलात. तुमच्या मतावर शेरा थोडाच होता की पान तीन मंजूर, पान नऊ नामंजूर? मला तर वाटलं, गल्लीने दोन्हीला पसंती दिली."

चाळीस-पन्नास माणसांची तोंडं एकदम चहाच्या कपात गेली. चष्मेवाल्याचं तोंड जायला कपही नव्हता. आणि माणूस खोटं बोलत नव्हता!

"खरं आहे तुमचं," तो अखेर म्हणाला. "तुम्ही फसवलं नाहीत. मीच वाचून न वाचल्यासारखं केलं. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो, मला लाज वाटते. गिऱ्हाईकाला मी एक डोळा झाकून नंबर देत नाही, आणि मत मात्र तसंच देऊन आलो. पुढच्या वेळी शेरा लिहायला जागा नसेल, तर मत देण्याआधीच दारात येऊन विचारेन. तुम्हालाही, दुसऱ्यांनाही."

टाळी कुणी वाजवली नाही. तो खाली उतरून बाहेर पडला. कुलूपवाला मागोमाग धावत आला. त्याची बडबड पहिल्यांदाच आटली होती.

"चष्मेवाले, एक सांगू? आधारघराच्या दाराला लावायला मोठं कुलूप हवं म्हणून मलाच सांगितलंय. मी काढूनही ठेवलंय."

"मग?"

"मग काय! घशात अडकलंय ते."

आधारघर वाचलं का? नाही. गोष्ट आहे म्हणून मी खोटं सांगणार नाही. अर्जावर सव्वीस दुकानदारांनी सह्या केल्या, अर्ज गेला, आणि महिनाअखेरीला दार बंद झालं. कुलूप दुसऱ्या कुणीतरी दिलं. अकराजणींपैकी चौघींना गल्लीत कुठे ना कुठे जागा मिळाली. त्या मुलीला चष्मेवाल्याच्या दुकानावरची खोली मिळाली, जिथे जुन्या चौकटींची खोकी पडून होती. खोकी त्याच्या बायकोने उपसली. उपसताना ती एकदाच म्हणाली, "सहा महिने गल्लीला शहाणपण शिकवत होतात. घरात मला विचारलं असतंत, तर पान नऊ मीच वाचून दाखवलं असतं."

कुलूपवाल्याने त्या खोलीच्या दाराला जाड कडी बसवली. आतून लागणारी. पैसे विचारले तर म्हणाला, "चष्मेवाले, गप बसा, नाहीतर तुम्हालाच आत कोंडीन."

उरलेल्या सातजणी परत गेल्या. त्यांची नावंही चष्मेवाल्याला ठाऊक नाहीत. काचेवरचं पत्र त्याने फाडलं नाही. फाडून काय होणार? त्याने जाहीरनाम्याचं पान नऊ शोधून त्याच्या शेजारी लावलं. तेही रस्त्याकडे तोंड करून.

मुलगी चष्म्यासाठी वरून खाली आली तेव्हा त्याने तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. आधी उजवा. मग डावा. मग चकती काढून बाजूला ठेवली, तिला दिसेल अशी.

"आता दोन्ही डोळ्यांनी सांगा. छान म्हणायची घाई करू नका."

तिने बराच वेळ पाटीकडे पाहिलं. "खालची ओळ अंधुक आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, हा चिडतो की काय म्हणून.

"शाब्बास!" तो म्हणाला आणि भिंग बदलायला वळला.

मतदारांनो, आपला खिसा बघा, जरूर बघा. खिसा बघणं पाप नाही. घर त्यावरच चालतं. पण मत अख्खं जातं, त्याचे तुकडे पडत नाहीत. पान तीनला दिलेलं मत पान नऊलाही जातं, तुमच्या मनात काहीही असो. म्हणून दोन्ही पानं वाचा, आणि तोलताना एवढंच विचारा: यात माझं जे जाईल ते मला परत मिळेल का, आणि दुसऱ्याचं जे जाईल ते त्याला परत मिळेल का? एवढं विचारूनही हात तिकडेच गेला, तर निदान मला माहीत नव्हतं असं म्हणू नका. त्या सातजणींसमोर तर नाहीच नाही!