खांद्यावरचे फडके

मुंगीचे पणजोबा बग्ग्या पुशीत, आजोबांनी डेपोतल्या बस धुण्यात हयात घालवली आणि वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मोटारी धुण्याचे स्वतःचे आवार उभे केले. तिघांची खूण एकच: डाव्या खांद्यावर टाकलेले पुसायचे फडके. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ते खांद्यावरून उतरत नसे. मुंगी चौथी. अंगाने एवढीशी आणि कामाला न थकणारी, म्हणून हे नाव. ते तिने कधी कमीपणाचे मानले नाही. मानण्याचे कारणही नव्हते.

त्या सकाळी प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंची काळी गाडी आवारात शिरली आणि आप्पा स्टुलावरून उठून उभे राहिले. ही गाडी समोरून येताना दिसली की गेली अठरा वर्षे ते रस्ता बदलीत आले होते. गाडी नवी कोरी असताना त्यांनीच ती धुऊन, घासून पुसून दिली होती, आणि दिव्याखाली उभी करताच टपापासून बॉनेटपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटलेले दिसले होते. नर्सबाईंनी भरपाई नाकारली. "एकदा ओरखडा न उठवता धुऊन दाखवा, मग फिटलं," एवढेच त्या म्हणाल्या. आप्पांनी खापर साबणावर फोडले आणि पुन्हा कोणत्याही काळ्या गाडीला हात लावला नाही.

"सहा महिन्यांपूर्वी नवा रंग दिलाय," नर्सबाई दार लावीत म्हणाल्या. "रविवारी मी मुलाकडे कायमची निघाले. तेव्हा आप्पा, आज नाही तर मग राहिलंच."

"आज होईल," आप्पा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचे फडके काढून मुंगीच्या खांद्यावर ठेवले. "माझे हात कापतात. तूच धू. पण पुसायला हेच घे. तीन पिढ्यांचा मान आहे."

मुंगीला पेच पडला. मान मोडावा तर बाप दुखावतो, राखावा तर बापाचा शब्द पुन्हा खाली पडतो. मग कोपऱ्यातल्या भंगारातून तिने एक काळे बॉनेट ओढून काढले, एका कडेला, जिथे रंग अजून गुळगुळीत होता तिथे, धुतले आणि ते फडके त्यावर दोनदा गोल फिरवले.

"रागवायचं तर रागवा आप्पा, पण आधी बघा."

तिने टॉर्च धरला. तेच जाळे.

आप्पांनी वाकून पाहिले. "म्हणजे साबण नव्हता?"

"नव्हता. फडकं दिवसभर खांद्यावर असतं. भिंतीला घासतं, चाकांची उडालेली वाळू त्यावर बसते. पांढऱ्या गाडीवर दिसत नाही. काळी लपवत नाही."

"मग माझ्या बापानं जन्मभर बसवर..."

"बसनं कधी तक्रार केली नाही, आप्पा."

"या पोरीचा पहिला टाहो मी ऐकलाय," नर्सबाई म्हणाल्या. "तेव्हाही ती कुणाची भीड न बाळगता ओरडली होती. आता कामाला लागा, मला बांधाबांध करायची आहे."

आप्पांनी फडक्याची घडी घातली आणि ते खुंटीला अडकवले.

मुंगीने गाडी सावलीत घेतली आणि पत्रा गार होऊ दिला. चाके वेगळ्या बादलीतून आधीच उरकली. मग वरून खाली नुसते पाणी सोडले, कारण सुटी धूळ हात लावण्याआधीच गेली पाहिजे. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत निव्वळ पाणी. तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली वाळू वर येणार नाही. मऊ हातमोजा टपापासून सुरू करून सरळ रेषेत फिरायचा, दर पट्ट्यानंतर साध्या पाण्यात पिळून निघायचा, मगच पुन्हा फेसात जायचा. शेवटी तिने नळीचे तोंड काढून टाकले आणि पाणी संथ सोडले. ते चादरीसारखे घसरत गेले आणि मागे थोडेच थेंब उरले.

मग तिने डब्यातून जाड, मऊ टॉवेल काढून आप्पांपुढे धरला.

"मला कशाला? हात कापतात म्हटलं ना."

"शब्द तुमचा आहे. आणि घासायचं नाहीच. अंथरायचा आणि हलकेच ओढायचा. जोर लावला तरच बिघडेल, आणि तुमच्यात तो उरलाय कुठे?"

"जीभ मात्र आजीची घेतलीस," आप्पा म्हणाले, पण टॉवेल घेतला.

त्यांनी तो बॉनेटवर पसरला. कापणाऱ्या बोटांनी दोन टोके धरून ते मागे सरकले, आणि टॉवेल आपल्याच वजनाने पाणी पीत त्यांच्यामागे आला. टप, दारे, मागची काच. एकदा टोक जमिनीला लागताच मुंगीने काही बोलण्याआधीच त्यांनी तो टॉवेल बाजूला टाकला आणि दुसरा मागितला.

काम संपल्यावर नर्सबाईंनी टॉर्च मागून घेतला. त्या गाडीभोवती दोन फेऱ्या फिरल्या, बॉनेटवर तिरपा उजेड टाकून वाकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. काळ्या रंगात टॉर्चचा एकच स्वच्छ गोल दिसत होता. भोवती काही नव्हते.

"फिटलं, आप्पा," त्या म्हणाल्या. "सगळं फिटलं."