हवेत आवळलेला बुश

मी बोलतोय तो एका पत्र्याच्या ट्रेमधून, दोन गंजक्या नटांच्या शेजारी पडून. तुम्ही मला ओळखणार नाही. गाडीत बसणाऱ्यांना चाकं माहीत असतात, आरसे माहीत असतात. मी बुश. मधे लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर, बाहेरून पुन्हा लोखंडी कडं. पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा जो आर्म असतो, त्याच्या मुळाशी माझी जागा. चाक खड्ड्यात गेलं की थोडं पिळायचं, बाहेर आलं की सरळ व्हायचं, एवढंच माझं काम.

पण सरळ मी कधी झालोच नाही.

दोन वर्षांपूर्वी मला बसवलं तेव्हा गाडी जॅकवर होती आणि चाक खाली लोंबत होतं. गॅरेजच्या मिस्त्रींनी त्याच अवस्थेत माझा बोल्ट करकचून आवळला. मग गाडी जमिनीवर आली, चाक वर सरकलं, नळी मात्र जागची हलेना. मधल्यामधे माझं रबर पिळलं गेलं. गाडी धावताना सोडाच, रात्रभर दारात उभी असतानाही मी पिळलेलाच.

गाडी एका ताईंची. त्या कपडे शिवतात. मागच्या सीटवर कायम कापडाचे गठ्ठे, आणि खाली सांडलेल्या टाचण्या.

माझ्या रबराला पहिली चीर गेली ती फक्त मला कळली. दुसरीनंतर ताईंनाही कळू लागलं. ब्रेक दाबला की चाक मागे सरकायचं, गाडी डावीकडे ओढ घ्यायची. उताराच्या रस्त्यावर डावीकडे दरी आहे. "काय गं बाई, कुठे निघालीस?" असं त्या गाडीला म्हणायच्या, पण आवाज कोरडा पडलेला असायचा. मला तर दर वळणाला एकच धास्ती, या वळणावर मी सुटलो तर?

आज सकाळी त्या गॅरेजात आल्या. चार वाजता इस्पितळातून आईला घरी न्यायचं होतं. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, आणि घर त्याच उताराखाली.

मिस्त्रींनी नव्या बुशांची दोन खोकी उघडली. "हे लाल. कडक असतात, खूप टिकतात. पण चाकाखाली खडा आला तरी वर कळवतील. हे काळे, साध्या रबराचे."

"आईला खडा कळायला नको, काका. काळेच द्या."

बुश जोडीनंच बदलतात, म्हणून आधी उजवी बाजू झाली. माझा नवा भाऊ प्रेसच्या दाबाखाली आर्ममधे बसला, आर्म गाडीला लागला, बोल्ट आवळला गेला. गाडी जॅकवर. चाक लोंबतंय. मी जागच्या जागी गार पडलो. पुन्हा तेच!

मग मला काढलं. मिस्त्रींनी उजेडात धरून बोटानं माझी चीर उघडली आणि कपाळाला आठी घातली. "हा झिजून गेलेला नाही. पिळून फाटलाय. कुठल्या शहाण्यानं हवेत आवळला होता?"

"तुम्हीच, काका. मागच्या वेळीही तुम्हीच बसवला होता."

मिस्त्री खोकले. मग उगाच पाना पुसू लागले. "तेव्हा घाई असेल," ते हळूच म्हणाले. "वजन चाकांवर आल्यावर आवळायचा असतो हा."

"कापडासारखंच की. ओढून धरून शिवलं, तर सोडल्यावर चुणी पडते."

या वेळी त्यांनी डाव्या बाजूचा बोल्ट नुसता अडकवला. चाकं लावली, गाडी जमिनीवर घेतली, गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमधे उतरून मगच आवळला. वर येऊन हाताला साबण लावला आणि म्हणाले, "घ्या चावी. साडेतीन झाले."

आणि उजवा? अहो, उजवा! मी ट्रेमधून ओरडत होतो, पण फाटलेल्या रबराला आवाज कुठून येणार? ताईंनी गाडीचं दार उघडलं. एक पाय आत ठेवला. मला मनात उतार दिसत होता, आणि मागच्या सीटवर उशीला टेकलेली आई.

ताई थांबल्या. मागे वळून त्यांनी ट्रेकडे, माझ्याकडे पाहिलं.

"काका, उजव्या बाजूचा?"

"तो मघाशीच झाला."

"वजन कधी आलं त्याच्यावर? आवळायच्या आधी की नंतर?"

मिस्त्रींच्या हातांवर फेस तसाच राहिला. "ताई," ते म्हणाले, "उद्यापासून तुम्हीच या इथे कामाला." आणि फेसाच्या हातांनीच पुन्हा पिटमधे उतरले.

खालून आवाज आला. बोल्ट सैल झाला आणि 'टक्' करून पिळलेलं रबर सरळ झालं. दोन वर्षं मी याच आवाजाची वाट पाहिली होती. तो माझ्या भावाच्या वाट्याला आला.

बोल्ट पुन्हा आवळून झाला, आता गाडी गेलीय. मी उद्या भंगारात जाईन, त्याचं काही नाही. पण अजून उताराचा विचार आला की अंग आखडतं. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून बरं. तरी हळू जा. आणि पुढच्या वेळीही विचारा, घाई असली तर दोनदा विचारा. आम्हाला खालून सांगता येत नाही.